दातांना तार बसविण्यापूर्वी : पालकांनी व प्रौढ रुग्णांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, रुग्णसंख्येचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने दरवर्षी एखाद्या विभागाच्या कामाची ओळख करून देणारा लेख द्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा त्यासाठी दंतविभागातील ऑर्थोडॉन्टिक्स हा विषय निवडला आहे. व्यवहारात आपण त्याला ‘दातांना तार बसविणे’ असे म्हणतो. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून प्रशासक या नात्याने रुग्णालयाची सेवा करीत आहे. त्यामुळे वैद्यकीय स्वरूपाचा मजकूर विभागातील तज्ज्ञांकडून समजून घेऊन व त्यांच्या नजरेखालून घालून दिला आहे. खर्च, मंजुरी आणि नोंदी यांविषयीचा भाग मात्र माझ्या स्वतःच्या अनुभवाचा असून त्यातील चूकही माझीच आहे.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे काय?

धर्मादाय निधीतून दात सरळ करण्यासाठी पैसे का द्यावेत, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत अनेकदा विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. तार बसविल्याने दात किडत नाहीत, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. किंबहुना निगा न राखल्यास तारेच्या काळात कीड लागण्याचा धोका वाढतो. तथापि फार पुढे आलेले वरचे दात पडण्या-झडण्यात मोडण्याचा संभव अधिक असतो. काही मुलांचे वरचे व खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. त्यांना पोळीचा घास पुढच्या दातांनी तोडता येत नाही. काहींचे खालचे दात वरच्या हिरडीत रुततात. काहींचा वरचा सुळा टाळूच्या हाडात आडवा अडकून शेजारच्या दाताचे मूळ झिजवितो. दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत तर शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व या उपचाराला आहे.

दिसण्याचा प्रश्नही अगदीच गौण मानू नये. तोंडावर हात धरून हसणारी मुलगी आपण सर्वांनीच कोठे ना कोठे पाहिली आहे. वर्गात उत्तर येत असूनही ती उठून बोलत नाही. या संकोचाचे मोल कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही, पण तो असतो.

दात वेडेवाकडे का येतात?

मुख्य कारण आनुवंशिकता हे होय. जबडा लहान आणि दात मोठे असले की दाटी होते. जबडा मोठा आणि दात लहान असले की फटी राहतात. वरचा व खालचा जबडा यांची वाढ एकमेकांशी न जुळल्यास चेहऱ्याची ठेवणच बदलते.

दुसरे कारण आपल्या हातातले आहे. ‘दुधाचे दात पडणारच, ते किडले तर काय बिघडले?’ असे अनेक पालक म्हणतात. दुधाची दाढ ही खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवीत असते. ती किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. अशा वेळी जागा राखणारे एक छोटे साधन बसविता येते व पुढील मोठा उपचार टाळता येऊ शकतो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

तिसरे कारण सवयींचे. अंगठा चोखण्याची सवय बहुतेक मुलांची तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटते. कायमचे पुढचे दात येऊ लागल्यावरही ती टिकली तर दात पुढे येतात. नाक चोंदून सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविणे इष्ट. ‘पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल’, हे आजीचे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. क्षणभर जीभ लागल्याने दात वाकडा होत नाही. पण दिवसातून अनेक तास जीभ दातांच्या मध्येच ठेवण्याची सवय असेल, तर तो हलका दाबसुद्धा दातांना हलवितो. तारेचा उपचारही याच तत्त्वावर चालतो.

दात हलतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ अशा तंतूंचा एक थर असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड शरीर स्वतःच विरघळविते आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे नवे हाड तयार करते. दात पुढे सरकतो आणि त्याच्यामागे हाड भरत जाते. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने चालते. जोर वाढविला म्हणून गती वाढत नाही. उलट मुळांना इजा होते. ‘डॉक्टर, थोडे घट्ट करा, म्हणजे लवकर होईल’, ही विनंती म्हणूनच मान्य होत नाही.

या शास्त्राला आधुनिक बैठक देण्याचे श्रेय अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांना दिले जाते. १८९९ मध्ये त्यांनी दातांच्या विसंगतींचे केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाताच्या आवरणाला सौम्य आम्ल लावून त्यावर पदार्थ चिकटविण्याची पद्धत दाखविली. तिच्यामुळे पुढे प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसविण्याऐवजी छोटे ब्रॅकेट थेट दातावर चिकटविता येऊ लागले. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून आली. वाकविली तरी ती मूळ आकारात परत येते आणि तसे करताना दाताला हळुवार ओढून नेते. आपल्या देशात या विषयातील तज्ज्ञांची संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ मध्ये स्थापन झाली.

मुलांची पहिली तपासणी केव्हा?

सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तज्ज्ञांना दाखवून घ्यावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. याचा अर्थ त्या वयात तार बसविली जाते असा नव्हे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ‘सध्या काही करावयाचे नाही, वर्षाने या’ एवढेच सांगितले जाते. सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसते व दात पंख्यासारखे फाकलेले वाटतात. पालक घाबरतात, परंतु सुळे खाली उतरले की ही फट पुष्कळदा आपोआप मिटते.

मात्र काही गोष्टी वेळेतच कराव्या लागतात. खालचा जबडा पुढे असून वरच्याची वाढ कमी असल्यास वरच्या जबड्याला पुढे ओढणारे साधन आठ ते दहा या वयात अधिक उपयोगी पडते. खालचा जबडा मागे राहिला असल्यास वयात येतानाच्या जलद वाढीचा फायदा घेणारी काढता-घालता येणारी साधने देतात. हा काळ मुलींमध्ये मुलांपेक्षा आधी येतो. दहाव्या-अकराव्या वर्षी वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर बोटाला लागत नसेल, तर तो चुकीच्या दिशेने चालला असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुधाचा सुळा काढल्याने कायमचा सुळा अनेकदा आपली वाट सुधारतो. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया कायमचा सुळा येण्यापूर्वी करणे हितावह असते. ही संधी हुकली की पुढचा उपचार कठीण व खर्चिक होतो.

कायमच्या दातांवरील पूर्ण तार बहुधा अकरा ते चौदा या वयात बसविली जाते. त्यापूर्वी क्ष-किरण चित्रे, छायाचित्रे आणि दातांचे साचे घेतात. दाटी फार असल्यास दोन किंवा चार उपदाढा काढण्याचा सल्ला मिळू शकतो. ‘चांगले दात काढायचे?’ असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी कारण विचारावे, साचा पाहावा आणि समाधान झाल्यावरच संमती द्यावी.

तारेचा काळ : घरी काय अपेक्षित आहे?

उपचाराला साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात. गुंतागुंतीच्या प्रकरणांत याहून अधिक. दर चार ते सहा आठवड्यांनी यावे लागते. तार बसविताना दुखत नाही. दुखणे काही तासांनी सुरू होते, दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि तीन-चार दिवसांत ओसरते. या दिवसांत मऊ भात, वरण, खिचडी, शिरा, उपमा द्यावा. गालाला टोचत असल्यास त्या जागी विभागातून मिळणारे मेण लावावे. सुरुवातीला दात थोडे हलू लागल्यासारखे वाटतात. ते अपेक्षित आहे.

चिक्की, कडक लाडू, फुटाणे, ऊस, बर्फ, चिकट चॉकलेट ही ब्रॅकेट सुटण्याची नेहमीची कारणे आहेत. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्या विभागात सुटलेल्या ब्रॅकेटची गर्दी होते, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. पेरू, सफरचंद, गाजर बारीक फोडी करून खावे. ब्रॅकेटवरील पांढऱ्या रबरी कड्या हळदीने पिवळ्या पडतात. त्याने अपाय काही होत नाही, पुढच्या भेटीत त्या बदलल्या जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घासणे. प्रत्येक खाण्यानंतर तारेच्या वर व खाली ब्रश फिरविण्यास वेळ लागतो. तो न दिल्यास ब्रॅकेटभोवती पांढरे चौकोनी डाग उमटतात. दात सरळ होतात, पण डाग राहतात. क्वचित मुळांची टोके थोडी झिजतात. बहुतेकांत ती झीज नगण्य असते, तरी त्याची कल्पना आधी दिलेली बरी.

प्रौढ रुग्णांविषयी

‘या वयात तार शोभेल का?’ असा प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेने माझ्या टेबलाशी येऊन विचारला होता. शोभण्याविषयी मत देण्याचा अधिकार प्रशासकाला नाही. मात्र वय ही आडकाठी नाही, एवढे तज्ज्ञांच्या वतीने सांगता येते. दात कोणत्याही वयात हलतो. फरक इतकाच की प्रौढांच्या जबड्यांची वाढ संपलेली असते. त्यामुळे जबड्यांतील मोठी तफावत असल्यास तारेसोबत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

प्रौढांत प्रथम हिरड्या तपासतात. हिरड्यांचा आजार सक्रिय असताना दात हलविल्यास हाड झपाट्याने कमी होते. म्हणून आधी सफाई व हिरड्यांचे उपचार, मग तार. मधुमेह नियंत्रणात हवा. मिश्री, तंबाखू, गुटखा सोडावा लागेल. हाडे ठिसूळ होण्यावरील काही औषधे दात हलण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. जुनी दाढ काढून टाकलेली असल्यास शेजारची दाढ त्या पोकळीत कलते. तिला आधी सरळ करून मग कृत्रिम दात बसविणे सोयीचे असते.

धातूऐवजी दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट मिळतात. पारदर्शक, काढता-घालता येणारे अलायनर १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आले आणि आता आपल्याकडेही रूढ झाले आहेत. ते दिवसातून वीस ते बावीस तास घालावे लागतात, खाताना काढावे लागतात, आणि सर्व प्रकारच्या विसंगतींना पुरे पडतातच असे नाही. तज्ज्ञाने तोंड प्रत्यक्ष न तपासता घरपोच मिळणाऱ्या साधनांपासून मात्र दूर राहावे. बी.डी.एस. नंतर या विषयात तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम पूर्ण केलेले डॉक्टर हे याचे तज्ज्ञ होत. तशी विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

तार निघाली म्हणजे उपचार संपला काय?

नाही. दात नव्या जागी आला तरी भोवतीचे तंतू त्याला जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून रिटेनर दिला जातो : काढता-घालता येणारा, किंवा दातांच्या आतल्या बाजूने कायम चिकटविलेली बारीक तार. पहिल्या वर्षी तो काटेकोरपणे वापरावा लागतो आणि नंतरही, विशेषतः रात्री, दीर्घकाळ. दोन वर्षांच्या कष्टांवर पाणी पडते ते बहुधा येथेच.

एक प्रकरण आणि त्यातून घेतलेला बोध

आता प्रशासकीय भागाकडे वळतो. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखल्या जातात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही योजना अनेकांना जीवदान देणारी आहे. मात्र तिची मांडणी खाटांच्या हिशेबात आहे आणि तारेच्या उपचाराला खाट लागत नाही. येथे रुग्ण दाखल होत नाही, त्याला घरी सोडले जात नाही. तो दोन-तीन वर्षे दर महिन्याला येत राहतो. म्हणून आपण देणगीदारांच्या साहाय्याने या विभागासाठी वेगळा निधी ठेवला आणि त्याचे नियम मी तयार केले.

त्या नियमांत ब्रॅकेट बसविण्याचा खर्च एकरकमी मंजूर होत असे. साहित्याचा मोठा भाग सुरुवातीलाच लागतो, तेव्हा हे हिशेबाला धरूनच होते. तार बसली, बिल निधीतून वळते झाले, की प्रकरणावर ‘पूर्ण’ असा शिक्का बसे. लाभार्थींची संख्या अहवालात चांगली दिसत असे.

एके दिवशी आमच्या डॉक्टरांनी माझ्या टेबलावर एका मुलीच्या दातांचे दोन प्लास्टरचे साचे आणून ठेवले. पहिला उपचारापूर्वीचा, दुसरा त्या दिवशी घेतलेला. मुलगी बारा वर्षांची, वडील शेतमजूर, गाव एस.टी.ने दोन तासांच्या अंतरावर. तार बसविल्यावर ती तीन वेळा आली आणि नंतर चौदा महिने आलीच नाही. ब्रॅकेट तोंडात तसेच राहिले होते, तार एके ठिकाणी तुटली होती आणि दोन दातांना कीड लागली होती. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘पूर्ण’ असे लिहिलेले होते.

मी वडिलांना विचारले, की मोफत उपचार असूनही का आला नाहीत? ते म्हणाले, “साहेब, तार बसली तेव्हा काम झालं असंच वाटलं. पुढं दुखलं तर यायचं, असं समजलो. आणि एक खेप म्हणजे दोघांचं तिकीट आणि माझी त्या दिवसाची मजुरी.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला उत्तर सुचले नाही. उपचाराचा खर्च मी मोजला होता. उपचारापर्यंत पोहोचण्याचा खर्च माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हता.

त्या मुलीचे ब्रॅकेट काढून आधी कीड भरली, हिरड्या निवळू दिल्या आणि काही महिन्यांनी तार पुन्हा बसविली. तिचा उपचार आता पूर्ण झाला असून ती रिटेनर वापरीत आहे. दोन दातांवरचे डाग मात्र कायमचे राहिले आहेत.

त्यानंतर नियम बदलले. मंजुरी आता तपासणीपासून रिटेनरच्या पहिल्या वर्षापर्यंतच्या संपूर्ण खर्चाची दिली जाते व ती टप्प्याटप्प्याने वळती होते. गरजू कुटुंबांना मुलासह एका पालकाचे एस.टी. भाडे मिळते. बाहेरगावच्या मुलांना शक्यतो बाजाराच्या दिवसाची वेळ दिली जाते, कारण त्या दिवशी घरातील कोणीतरी शहरात येतेच. सलग दोन भेटी चुकल्यास समाजसेवा विभागातून फोन जातो. आणि ‘पूर्ण’ हा शिक्का आता माझ्याकडे नाही. तो डॉक्टरांकडे आहे.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

पालकांनी व रुग्णांनी पुढील प्रश्न लिहून आणावेत, अशी विनंती आहे :

१. उपचार आत्ताच हवा की थांबता येईल? थांबल्यास काय नुकसान होईल?
२. एकूण किती काळ व साधारण किती भेटी?
३. दात काढावे लागतील काय, आणि का?
४. सांगितलेल्या रकमेत क्ष-किरण, सुटलेले ब्रॅकेट आणि रिटेनर यांचा समावेश आहे काय?
५. मध्येच गाव किंवा नोकरी बदलल्यास पुढील उपचाराची व्यवस्था कशी होईल?

ज्यांना दोन वर्षे नियमित येणे खरोखरच अशक्य आहे, त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. अर्धवट सोडलेल्या तारेपेक्षा न बसविलेली तार बरी. आणि मुलाचे वय अनुमती देत असल्यास सोयीच्या काळाची वाट पाहता येते.

देणगीदारांस नम्र निवेदन

नव्या पद्धतीमुळे एका मुलामागे होणारा खर्च वाढला आहे. परिणामी या अहवालाच्या तक्त्यात दंतविभागाच्या या निधीचे लाभार्थी पूर्वीपेक्षा कमी दिसतील. घटलेला आकडा हे कामातील शैथिल्य नव्हे, हे आपल्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो. पूर्वीच्या आकड्यात तार बसविलेली मुले मोजली जात होती; आता उपचार पुरा झालेली मुले मोजली जातात. ज्यांनी रिटेनर आणि एस.टी.चे भाडे यांसारख्या, फलकावर नाव न झळकणाऱ्या बाबींसाठी निधी दिला, त्यांचे संस्था विशेष ऋण मानते.

तार निघाल्याच्या दिवशी मुले आरशासमोरून लवकर हलत नाहीत. विश्वस्तांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी एखाद्या दिवशी विभागात येऊन हे स्वतः पाहावे, असे सुचवावेसे वाटते. ताळेबंद आपण दरवर्षी मंजूर करताच. ही बाजूही एकदा तपासून घ्यावी.